मित्राच्या पंगतीतली हाडं

मंदीच्या वर्षी नवऱ्याच्या कंपनीत आठवड्यातले काही दिवस काम बंद राहू लागलं आणि हा घरी बसून माझ्या फोडणीत सुधारणा सुचवू लागला. आम्ही तेव्हा कॅनडातल्या केंब्रिजला राहायचो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत हा क्वालिटी बघायचा. फोडणी वाचवायला मीच त्याला युनिव्हर्सिटीतल्या संध्याकाळच्या एखाद्या कोर्सला अप्लाय करायला लावलं. मला वाटलं, अकाउंटिंग वगैरे घेईल. त्याने घेतलं 'प्राचीन रोममधले धर्म'.

"अगं, रोमन लोकांचा एक देव होता, मिथ्रास," तो उत्साहाने म्हणाला. "म्हणजे आपला मित्र! सूर्यनमस्काराचा पहिला मंत्र कुठला? ॐ मित्राय नमः. सगळं आपल्याकडूनच गेलंय."

"तू शेवटचा सूर्यनमस्कार कधी घातलास?"

माझ्याकडे दुर्लक्ष करून त्याने त्यावरच निबंध लिहिला. शिकवणाऱ्या बाई पांढऱ्या केसांच्या, उमेदीतले सगळे उन्हाळे इटलीत उत्खननावर काढलेल्या. त्यांनी समासात एवढंच लिहिलं: नाव सारखं आहे, पण पुरावा कुठे? कंपनीत दिवसभर इतरांना हाच प्रश्न विचारणारा माझा नवरा दोन दिवस फुगून बसला. मग तावातावाने बाईंना भेटायला गेला आणि अगदी शांत होऊन परत आला.

"नाव जुनंच आहे, इराणकडचं," तो मला सांगू लागला. "पण बाकीचं किती तिकडून आलं आणि किती रोममध्येच नव्याने रचलं, यावर अजून वाद आहे. गुप्त पंथ ना! एक पोथी मागे ठेवली नाही त्यांनी."

मागे राहिली होती ती देवळं. जमिनीखालची, गुहेसारखी, ठेंगणी. दोन्ही बाजूंना जेवायला टेकण्यासाठी लांब ओटे, समोर बैल मारणाऱ्या देवाची मूर्ती, काही कोरीव लेख. आणि पंगतीनंतर पुरलेली हाडं, त्यात कोंबड्यांची भरपूर. पंथात फक्त पुरुष. चढत जायच्या सात पायऱ्या: पहिली कावळ्याची, दुसरी नवरदेवाची, सगळ्यात वरची पित्याची.

"म्हणजे तू इतकी वर्षं दुसऱ्याच पायरीवर अडकलायस," मी म्हटलं. तो हसला नाही. हाडांनी त्याला पुरतं धरलं होतं.

त्यातच एका शनिवारी त्याचे मित्र सहकुटुंब जेवायला आले. पुरुषमंडळी नेहमीप्रमाणे बेसमेंटमध्ये उतरली. तिथे पत्ते आणि तंदुरी कोंबडी. मी शनिवार पाळायचे, म्हणून बाकीच्या बायकाही माझ्याबरोबर वरच साबुदाण्याची खिचडी आणि ताक घेऊन बसल्या. पाहुणे गेल्यावर मी आवरायला खाली गेले, तर हा ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनपुढे आडवा.

"हाडं टाकायची नाहीत!"

त्याने ती धुतली, वर्तमानपत्रावर वाळवली, पायाची, पंखाची, छातीची वेगळी केली. सोमवारी शाळेतून येऊन खाली डोकावलेली आमची लेक नाक दाबून म्हणाली, "डॅड, धिस इज सो ग्रोस," आणि तिने आठवडाभर बेसमेंट वर्ज्य केलं. ह्याचा प्रयोग असा, की केवळ हाडांवरून आपल्या पंगतीबद्दल किती कळतं ते पाहायचं. शेवटी त्याने मला समोर बसवून निष्कर्ष वाचून दाखवला. माणसं अंदाजे किती, कोंबड्या कोवळ्या, तंगड्या सर्वांच्या आवडीच्या, जेवण झकास.

"आणि आम्ही?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणजे?"

"वर आम्ही जेवत होतो. ह्या कोंबड्या आदल्या दिवशी दह्यात मुरवल्या कोणी? तुझ्या कागदात तर एकही बाई नाही."

त्याने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. खिचडीचं हाड कुठून मिळणार? मला खरं तर त्याची गंमत करायची होती, पण बोलता बोलता मलाच आत कुठेतरी लागलं.

शेवटचा निबंध त्याने त्यावरच लिहिला: लेखांत बायकांची नावं नाहीत म्हणून पंथात बायका नव्हत्या हे मान्य, पण पंगतीच्या आसपास त्या नव्हत्या असं कसं म्हणायचं? 'प्रश्न माझ्या पत्नीचा आहे', हेही प्रामाणिकपणे लिहिलं. ह्या वेळी समासात लांबलचक मजकूर होता, आणि खाली, 'तुमच्या पत्नीला भेटायला आवडेल.'

बर्फ वितळल्यावर बाई जेवायला आल्या. ह्याने खोका भरून हाडं जय्यत तयार ठेवली होती. बाई मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. मी साबुदाणा परतत होते. त्या सांगत होत्या, "तरुणपणी आम्ही त्या ओट्यांची मापं अगदी जीव लावून घ्यायचो. काही देवळांशेजारी चूलही सापडते, पण तिथे कोण राबत होतं ते विचारायला मला फार वर्षं लागली."

"खाली येताय ना?" बेसमेंटच्या जिन्यातून ह्याने हाक मारली.

"येते हं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिचडीसाठी पुन्हा बशी पुढे केली.