कांबळेकाकांच्या फ्लॅटची लीज

लखनौला नोकरी केलेली मराठी माणसं कुठेही भेटली, की चहा यायच्या आत तिथल्या महानगर वस्तीतल्या कांबळेकाकांच्या फ्लॅटचा विषय निघतो. प्रत्येकाकडे त्या घराचा एक तरी किस्सा असतोच, आणि दुसऱ्याचा संपण्याआधी आपला सुरू करायची घाई! मी तिथे बरेच महिने काढले, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

*

नव्वदच्या दशकात बँकेने माझी बदली साताऱ्याहून थेट लखनौला केली. "घर मिळेपर्यंत कांबळेंकडे जा," एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. काका मूळचे वर्ध्याचे, सरकारी खात्यातून रिटायर झालेले. माझी त्यांची ओळख ना पाळख. दारात उभा राहून मी नाव, गाव, कोणी पाठवलं ते सांगायला लागलो. काकूंनी मधेच तोडलं.

"ते सारं जेवताना सांगजो. तुझी गादी गॅलरीत वाळत घातली हाये, ती आधी आत घे!"

त्या गादीवर माझ्याआधी मिलिंद नावाचा कुणी झोपायचा. त्याला विकास नगरला खोली मिळाली होती. बदलीवर आलेला प्रत्येक मराठी माणूस सोय होईपर्यंत तिथेच. भाड्याचा विषय काढला की काका पेपर तोंडासमोर धरायचे.

*

बिल्डिंग सरकारी जमिनीवर होती. जमिनीची लीज तीस वर्षांची, आणि ती संपत आलेली. मुदत वाढवून मिळाली नाही तर घरावरचा हक्क गेला! म्हणून सगळ्यांनी अर्ज केले होते. खालच्या मजल्यावरच्या श्रीवास्तवजींनी तर तेव्हापासून घराला हात लावायचाच नाही असं ठरवलं. दिवाळीला रंग नाही, गळका नळसुद्धा तसाच. "लीज बढ़े, तब टोंटी बदलवाएँगे."

एका सकाळी त्यांच्या पत्नीचा आवाज जिन्यात घुमला, "आपकी लीज तो कब की पूरी हो गई, आपको हमने निकाला क्या?"

दुपारी प्लंबर आला.

*

मग घर बघायला इन्स्पेक्टर आला. अट अशी, की फ्लॅटमध्ये मालकाचं कुटुंबच राहायला हवं, भाडेकरू ठेवलेला चालणार नाही. काका दूध आणायला गेले होते. दार उघडलं आमच्यातल्या पाटीलने, तोंडात टूथब्रश! समोर हातात बॅग घेतलेला माणूस. पाटीलला वाटलं, आला आणखी एक बदलीवाला.

"या, या! लाजू नका, सगळे असेच आलोय. बाथरूमला माझ्यानंतर तुमचा नंबर!"

आणि त्याची बॅग हातातून घेऊन आमच्या बॅगांच्या रांगेत ठेवून दिली. इन्स्पेक्टर त्या रांगेकडे बघत राहिला. काकूंनी पोहे दिले. त्याने मागून घेऊन खाल्ले, आणि ऑफिसात जाऊन रिपोर्ट दिला, की इथे लॉज चालतो!

*

नोटीस आली. लीज का वाढवावी ते सुनावणीला येऊन सांगा. या वेळी कोणी हसलं नाही. काकांना मूलबाळ नव्हतं, गावाकडचं घर भावांकडे गेलेलं. हा फ्लॅट सोडून जायचं तरी कुठे? संध्याकाळी ते गॅलरीत नुसते बसून राहायचे.

श्रीवास्तवजी वर आले. "भाईसाहब, सुनवाई तक घर ख़ाली कर लीजिए."

आम्ही बॅगा भरल्या. नेमका त्याच दिवशी अकोल्याहून एकजण बायको आणि तान्ही मुलगी घेऊन येणार होता. मी म्हटलं, "काका, त्यांची दुसरीकडे सोय बघू का?"

काका चपला घालत होते. "सुनावणी माझी आहे. त्या पोरीनं काय केलं?"

आणि ते स्टेशनवर गेले. आमच्या बॅगा काकूंनी पुन्हा उघडायला लावल्या. खरं सांगतो, माझ्या घरावर अशी वेळ आली असती तर मी त्या पोरीला आत घेतलं नसतं.

*

आता आमची अक्कल बघा. भाडं कोणीच दिलेलं नाही हे सांगायला साक्षीदार हवेत, असं पाटीलच्या डोक्यात आलं आणि आम्ही सगळीकडे निरोप धाडले. सुनावणीच्या दिवशी त्या घरात राहून गेलेला जो तो हजर! मिलिंद आला, अमीनाबादेतून दोन कुटुंबं आली, पोराबाळांसकट. काकांकडे बाहेरचं कोणी राहत नाही हे पटवायला आम्ही तिथे राहिलेली अख्खी पलटण सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या दारात उभी केली होती! श्रीवास्तवजींनी कपाळावर हात मारून घेतला.

मे महिना होता. खोली लहान, दाराची एकच फळी उघडी. काका-काकू आत, आम्ही बाहेर उन्हात. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, मग रिपोर्टकडे.

"परिवार में कितने लोग हैं?"

काका खोटं न बोलणारा माणूस. "दो. मैं और मेरी पत्नी."

"झूठ बोलता है ये!" काकू ताडकन उठल्या. लखनौत आयुष्य गेलं तरी काकूंची हिंदी वर्ध्याचीच.

काकांनी मान खाली घातली. साहेबांनी पेन उचललं.

"तो कितने हैं, माताजी? बताइए, मुझे लिखना है."

काकूंनी दाराबाहेर आमच्याकडे पाहिलं.

"वो बाद में लिखना. पहले इनको अंदर लेव, कब के धूप में खड़े हैं बिचारे."

साहेब पेन खाली ठेवून उठले, आणि दाराची दुसरी फळी त्यांनी स्वतःच्या हाताने उघडली.