टाईलमागचा खांब

दाखला देण्यात येतो की, श्री. चंद्रहास विठ्ठल तिरोडकर, वय एकसष्ट, राहणार जूचंद्र, नायगाव पूर्व, इमारत क्रमांक तीन, तळमजला, हे सदर इमारतीचे गेली नऊ वर्षे बिनविरोध सचिव असून, त्यांच्या कारकिर्दीत इमारतीस कोणताही धोका उद्भवल्याची नोंद नाही.

नोंद नाही, कारण नोंदवही त्यांच्याच कपाटात असते. बिनविरोध, कारण दुसरं कोणी तयार होत नाही.

घरच्या बाथरूमच्या जुन्या टाईल काढायचं त्यांच्या पत्नी विनयाताईंनी ठरवलं. त्यांचे गुडघे गेलेले, आणि गुळगुळीत लादीवरून त्या दोनदा घसरलेल्या. तोडफोड सकाळी दहा ते एक, हा नियम तिरोडकरांनीच केलेला. म्हणून त्यांनी घड्याळात दहा वाजू दिले आणि मगच ज्युलियस मिस्त्रीला मान हलवून परवानगी दिली.

ज्युलियस मिठागराकडच्या गावचा. तीस वर्षं टाईल लावतो आणि काढतो. छन्नी टेकवण्याआधी तो हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवून बघतो, डॉक्टर पाठ वाजवतात तशी. कोपऱ्यात आल्यावर त्याने तीच जागा तीनदा वाजवली.

"सायेब, हितं पोकळ लागतंय."

"पंचवीस वर्षं झाली रे. माणूस पोकळ होतो, टाईलचं काय! काढ तू."

छन्नी नुसती लागली आणि टाईल हातात आली. दुसरीही आली. तिसरीला तर छन्नीचीही गरज लागली नाही.

"बघ, कशा सुटतायत! दुपारीच आटपेल तुझं."

ज्युलियस हसला नाही. "टाईल भांडली पायजे, सायेब. भांडत नाय तवा मना भ्या वाटतं."

चौथ्या टाईलबरोबर काँक्रीटचा पंज्याएवढा पापुद्रा निघाला. मागे इमारतीचा खांब होता. त्यातल्या सळया तपकिरी झालेल्या. ज्युलियसने एकीला अंगठ्याचं नख लावलं, तर कांद्याची साल निघावी तसा तिचा थर सुटून आला. त्याने छन्नी खाली ठेवली, झोपलेल्या माणसाजवळ भांडं ठेवावं तशी, आवाज न करता.

तिरोडकरांनी भिंतीला हात टेकला आणि लगेच काढून घेतला.

दोन वर्षांपूर्वी इमारत तपासायला इंजिनिअर आला होता. खांब बघायचा तर बाथरूमच्या दोन टाईल फोडाव्या लागतील, म्हणाला. तेव्हा तिरोडकर दारात आडवे उभे राहिले होते. "फोडल्या तर मॅचिंग मिळत नाहीत, साहेब. बाहेरून बघा." इंजिनिअरने बाहेरून बघितलं. इमारत बाहेरून चांगली आहे, असा अहवाल आला. तो खोटा नव्हता.

वर पाणी पडल्याचा आवाज आला. पहिल्या मजल्यावर परेशची बायको उन्नती बाळाला आंघोळ घालत होती.

"वर किती माळे?"

"तीन."

"आनि वरपर्यंत खांब ह्योच?"

"हाच." तिरोडकरांनी आवाज खाली आणला. "ज्युलियस, सिमेंट भरून वर टाईल लावून टाकता येईल का रे?"

"येल ना. संध्याकाळपर्यंत."

"मग?"

"मंग मी माज्या घरी जाईन. तुमी हितंच."

"अहो, झालं काय?" स्वयंपाकघरातून विनयाताईंनी विचारलं.

"काही नाही. जरा ओल आहे."

दोघं वर गेले. उन्नतीने टॉवेलात गुंडाळलेलं बाळ खांद्यावर घेऊन दार उघडलं. "काका, एकपर्यंतच ना ठोकठोक? ही झोपत नाही हो."

ज्युलियस बाथरूमच्या आत गेलाच नाही. त्याने बाथरूमचं दार ढकललं. ते अर्ध्यात अडलं.

"ह्ये दार कदीपासून घासतं?"

"गणपतीनंतर. परेश म्हणतो, पावसाने फुगलंय."

दार फायबरचं होतं, पाण्याने न फुगणारं.

तिरोडकरांनी मनात हिशेब मांडला. एकदा तोंडातून शब्द गेला की महापालिकेची माणसं येणार, नळ तुटणार, वीज तुटणार, दाराला सील लागणार. सोळा घरं त्यांना नावं ठेवणार. आणि बोललो नाही तर? हे वाक्य त्यांना मनातल्या मनातही पुरं करता येईना.

तेवढ्यात खाली, त्यांच्याच घरात, कट् असा आवाज झाला. सुपारी फोडल्यासारखा, लहानसा. ज्युलियसने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

नऊ वर्षं त्यांच्या प्रत्येक सूचनेची सुरुवात 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' अशी झाली होती. जिन्यात उभं राहून त्यांनी तोंड उघडलं, तर बाहेर आली ती लहानपणची मालवणी. "विनया, भायर ये गो! खाली येवा! सगळी खाली येवा!"

सचिवांना असं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. म्हणूनच कोणी कारण विचारलं नाही. लोक उतरले, काहींनी गॅस बंद केला, काहींनी नाही.

बारा वाजता रस्त्यापलीकडे अठ्ठावीस माणसं आणि एक बाळ उभं होतं. रात्री झोपायचं कुठे, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.