लाल फडक्यातलं पुस्तक

नांदेडला माती तपासून देणारे एक गृहस्थ आहेत. माझी अर्धापूरला केळी, म्हणून त्यांच्या लॅबमध्ये नेहमी जाणं होतं. मातीच्या बाबतीत त्यांचा सख्ख्या भावावरही विश्वास नाही. शंका आली की नमुना पुन्हा तपासायला लावतात. एकदा तर "माझाच रिपोर्ट चुकला" असं सांगायला शेतावर आले.

मार्क्सवाद मात्र त्यांचा कधी चुकत नाही. "शास्त्र हाय हे, मालक. समाजवाद येणारच," हे ते खताचा डोस सांगावा तसं सांगतात. आला नाही, तर लोक कच्चे. आला आणि बुडाला, तर तो खरा नव्हता. मातीचे हात रिपोर्टला चालतात, पण मार्क्सचं ते जाड पुस्तक उघडायचं तर आधी साबण लागतो.

परवा ते पुस्तक उघडून समजावत होते, तेव्हा मी वैतागून विचारलं, "मातीचा रिपोर्ट चुकला तर पीक सांगतं. तुमचं हे चुकलं, तर कळायचं कशावरून?"

त्यांनी पुस्तक मिटलं, लाल फडक्यात बांधलं, कपाळाला लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शास्त्राला असं इचारत नसतेत, मालक."