घोषालबाबूंचं अर्धं वाक्य

आमच्या सानिकाची आयुष्यातली पहिली केस मी चहा पिता पिता घालवली.

मी वकील नाही. कोलकात्यात एका खासगी कंपनीत खरेदी विभाग सांभाळतो आणि बालीगंजला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. सानिका माझी लेक, कायद्याच्या चौथ्या वर्षाला. तिच्या कॉलेजात 'लीगल क्लिनिक' नावाचा प्रकार आहे. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "माझा रक्तदाब बघतील का गं?" तीन दिवस अबोला!) तिथे मुलं खऱ्या माणसांच्या खऱ्या तक्रारी हाती घेतात, बसू मॅडम म्हणून त्यांच्या प्राध्यापिका पाठीशी उभ्या राहतात, आणि पुस्तकातले नागरी हक्क कुणाला प्रत्यक्ष मिळवून देताना किती घाम गळतो ते मुलांना कळतं.

सानिकाच्या वाट्याला आली नसरीन. ती नर्स, नवरा इम्रान खिदिरपूरला गोदीवरच्या एका कंपनीत. नसरीनच्या हॉस्पिटलपासून चालत जाता येईल असा फ्लॅट रिकामा होता. फोनवर भाडं ठरलं, दोघं बघायला गेली, जिन्यात नावं सांगितली, आणि तिथल्या तिथे मालकांना आठवलं, की फ्लॅट कालच गेला! दुसऱ्या दिवशी 'टू लेट'ची पाटी गॅलरीला जशीच्या तशी.

"मालक कारण बोललेच नाहीत ना, म्हणून मानवी हक्क आयोगापुढे तक्रार लंगडी पडते," सानिका म्हणाली. "आता दुसरं एखादं जोडपं जायला हवं. त्यांना फ्लॅट मिळतोय हे दिसलं आणि मालक काही बोलून गेले, की झालं!"

"मग जा की."

"बाबा, मी जोडपं नाहीये!"

अशा रीतीने जोडपं म्हणून मी आणि माझी बायको वैशाली नेमले गेलो. आमच्या घराचा करार संपतच आला होता, म्हणजे खोटं बोलायचाही प्रश्न नव्हता. बसू मॅडमनी आम्हाला समोर बसवून समजावलं. खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. त्यांना बोलू द्यायचं. ते थांबले, तर आपणही थांबायचं. त्यांच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. सानिकानं घरी आणखी दोन तालमी घेतल्या.

"बाबा, तिकडे तुझा तोंड बंद!"

"तुझं तोंड," वैशालीनं दुरुस्त केलं. (बंगालीत नामांना लिंग नसतं. आमच्या लेकीनं ती सवलत मराठीलाही देऊन टाकली आहे.)

मालक घोषालबाबू हा खलनायक असेल अशा तयारीनं मी गेलो होतो. निघाले निवृत्त भूगोल शिक्षक! मऊ आवाज, पांढरा सदरा, जिना चढताना वैशालीला वहिनी मानून "बौदी, सावकाश" म्हणणारे. फ्लॅट तर असा, की वैशाली केस विसरून थेट गॅलरीत. "अहो, दक्षिणेची हवा!" कोलकात्यात दक्षिणेची गॅलरी म्हणजे काय, ते इथल्या उन्हाळ्यात एकदा भाजून निघाल्याशिवाय कळत नाही.

"फ्लॅट रिकामाच आहे," घोषालबाबू आपणहून म्हणाले. "हवं तेव्हा या."

पहिली फत्ते! मी खिशावर हात ठेवला. मग चहा आला आणि आमचं हिंदीत, अधूनमधून माझ्या मोडक्या बंगालीत, छान जमलं.

"गेल्या आठवड्यात एक जोडपं येऊन गेलं," ते म्हणाले. "चांगली होती हो माणसं. मुलगी नर्स. पण..."

ते थांबले. मी थांबलो. वैशालीनं श्वास रोखला.

"पण काय आहे दादा, की ती..."

पुन्हा थांबले. चहाचा कप बशीत गोल फिरवू लागले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढा सज्जन म्हातारा माझ्यासमोर अडखळतोय! आणि समोरचा अडखळला की मला राहवत नाही, मी त्याचं वाक्य पुरं करतो. (वैशालीचं म्हणणं, लग्नालाही तिनं होकार दिलेलाच नाही. ती "मला वाटतं" एवढंच म्हणाली होती. "लग्न करावं" हे मी म्हणालो!)

"मुसलमान होती!" मी म्हणालो.

घोषालबाबूंचा चेहरा सुटला. "हे तुम्ही म्हणालात हं. मी काही म्हटलं नाही."

इथे तरी थांबावं की नाही? त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी वर जोडलं, "छे छे, मी समजू शकतो!"

टॅक्सीत वैशाली एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, गॅलरी मनात भरली असेल.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये टेबलाभोवती पाचसहा विद्यार्थी, बसू मॅडम, सानिका आणि ड्यूटीवरून तशीच आलेली नसरीन. रेकॉर्डिंग लावलं. घोषालबाबू कुजबुजल्यासारखे ऐकू येत होते. मी मात्र खणखणीत! "मुसलमान होती!" आणि पाठोपाठ, "मी समजू शकतो!"

सानिकानं रेकॉर्डिंग थांबवलं.

"यावरून भेदभाव सिद्ध होतो," बसू मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुमचा."

पहिली हसली ती नसरीन. मग सगळेच हसले, मीसुद्धा. हसू ओसरल्यावर तिनं वैशालीला विचारलं, "आंटी, गॅलरी कुठल्या बाजूला आहे? आम्हाला जिन्यातूनच परत पाठवलं ना."

"दक्षिणेला," वैशाली हळूच म्हणाली.

नसरीननं मान डोलावली आणि पर्सची चेन उगाच उघडली, लावली.

"बेटा, मी ते नुसतं..." मी सुरुवात केली. पुढे शब्द येईनात. आणि माझं वाक्य पुरं करायला त्या खोलीत कुणीही पुढे आलं नाही.

चार दिवसांनी घोषालबाबूंचाच फोन. "दादा, तुमच्यासाठी फ्लॅट ठेवलाय! आपले विचार जुळतात." फोन स्पीकरवर होता. वैशालीनं फोन हातातून घेतला. "आम्हाला नको. जिला हवा होता, तिला तुम्ही जिन्यातून परत पाठवलंत. तिलाच द्या." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. इतकं सोपं, सरळ वाक्य मला चहाच्या वेळी का सुचलं नाही, याचं उत्तर मी अजून शोधतोय.

क्लिनिकनं तरीही तक्रार केली. सुनावणीची वेळ येईपर्यंत त्या गॅलरीत दुसऱ्याच कुणाचे टॉवेल वाळत होते, आणि मालकांच्या तोंडचा शब्दच हाती नसल्यामुळे तक्रारही टिकली नाही. नसरीनला खिदिरपूरच्या पलीकडे घर मिळालं. रात्रपाळी संपली की ती दोन बस बदलून घरी जाते.

सानिकाचा राग पुष्कळ दिवस टिकला. मग एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, तू वाईट माणूस नाहीस. म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं." एकही लिंग चुकलं नाही. म्हणजे पोरीनं या वाक्याची बरीच तालीम केली असणार.

ते रेकॉर्डिंग, नावं गाळून, आता क्लिनिकच्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी ऐकवतात. यंदा संक्रांतीला सानिकानं तिच्या ज्युनियर मुलांना घरी बोलावलं. मी दार उघडून "या, या, बसा" म्हणताच एक मुलगी उंबऱ्यातच थबकली.

"अंकल, तुम्ही... 'मी समजू शकतो'वाले?"

मी मान खाली घातली.

"अंकल, कुठे गप्प बसायचं आणि कुठे बोलायचं, हे आम्ही तुमच्यामुळे शिकलो!"

मला भरून आलं. चार शब्द बोलावेत म्हणून मी घसा खाकरला, तेवढ्यात वैशालीनं माझ्या हातावर लाडू ठेवला.

"तिळगूळ घ्या," ती म्हणाली, "आणि बोलू नका."