पत्रिकेतला ‘कै.’

यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आमच्या छापखान्यात दोन लग्नपत्रिका अर्धवट जुळवून पडल्या होत्या. शिशाचे खिळे एकेक वेचून अक्षरं जुळवायचे ते हेच. मी फक्त पत्रिका दुमडायची. उजवा हात गेला, वाचा गेली. डोकं शाबूत राहिलं, त्यामुळं घरात काय चाललंय ते यांना सगळं कळायचं.

तेव्हा कोल्हापुरात गल्लोगल्ली डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देणाऱ्यांचे, बोर्ड लागत होते. खिळे जुळवणारा माणूस मिळेना. शेवटी चाळिशीत मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. माऊस मी मुठीत आवळून धरायची. शिकवणारी वीस-बावीस वर्षांची मुलगी म्हणायची, “काकू, हात सैल सोडा की. चावत न्हाय त्यो.” घरी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून ठेवला होता. पोळ्या झाल्या की त्याच्यावर बोटं मारत बसायची.

छपाईचं जुनं मशीन भंगारात दिलं त्या दिवशी हे भिंतीकडं तोंड करून पडून राहिले, जेवले नाहीत. मशीनच्या जागी कॉम्प्युटर आला. मी मजकूर टाइप करायची आणि छापायला ऑफसेटवाल्याकडं द्यायची. त्याआधी कागद यांच्यापुढं धरायची. चूक दिसली की हे डाव्या बोटानं तिथं टकटक करायचे. असं वर्षभर चाललं.

मग कुरुंदवाडच्या एका व्यापारी घरातलं काम आलं. मुलीचं लग्न, हजार पत्रिका. मुलीच्या वडिलांनी हातानं लिहिलेला मजकूर दिला आणि बजावलं, “बाई, गुरुवारी सकाळी पत्रिका पायजेत. आमच्यात गावं लई फिरायची असत्यात.”

बुधवारी सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. काळा पडदा, कोपऱ्यात इंग्रजीतली एक ओळ. मशीन चादरीत गुंडाळून रिक्षानं ज्याच्याकडनं घेतलं त्या दुकानदाराकडं नेलं. त्यानं उघडूनसुद्धा बघितलं नाही. “मालकांना पाठवून द्या. तुम्हाला सांगून काय कळणार?”

“मालक अंथरुणाला खिळलेत,” मी म्हणाले. “मलाच सांगा.”

“मग आठ दिवसांनी या.”

टाइप केलेला मजकूर एका फ्लॉपीवर ठेवलेला होता. ती घेऊन क्लासला पळाले. शिकवणाऱ्या मुलीनं फाइल उघडली, तर पडद्यावर मराठी एक अक्षर नाही. नुसते कंस, टिंबं, उलटीपालटी इंग्रजी अक्षरं. माझा फॉन्ट त्यांच्याकडं नव्हता. मी तिथंच खुर्चीत बसले आणि पोरींच्या देखत रडले. कुणी हसलं नाही. त्या मुलीनं मला पाणी दिलं आणि पुढची बॅच दुसऱ्या खोलीत बसवली. “काकू, नव्यानं टाइप करा. मशीन तुमचं.”

तिथल्या कीबोर्डवर अक्षरांच्या जागा वेगळ्या. एकेक अक्षर शोधत सगळी पत्रिका पुन्हा टाइप केली. संपलं तेव्हा ऑफसेटवाला शटर ओढायच्या बेतात होता. घरी जाऊन यांना कागद दाखवावा एवढा वेळ नव्हता. मी तसाच छापायला दिला.

पत्रिका वेळेवर गेल्या. शनिवारी नवऱ्या मुलीचे वडील आले, बरोबर काठी टेकत त्यांचे म्हातारे वडील. मुलीच्या वडिलांनी पत्रिका टेबलावर आपटली.

“वाचा.”

मी वाचली. मुलीच्या आजी वारलेल्या होत्या, आजोबा हयात. दोघांची नावं खाली-वर होती, आणि वरच्या ओळीतला ‘कै.’ मी खालच्या ओळीत टाकला होता. समोर उभ्या असलेल्या माणसाला मी मेलेला छापला होता.

“आमचा बा जित्ता हाय न्हवं?” मुलीचे वडील ओरडले. “निम्म्या गावांत वाटल्या की पत्रिका! बाईमाणसाला काम दिलं, हीच चूक झाली आमची.”

म्हातारे पत्रिकेतल्या आपल्या नावावरून बोट फिरवत राहिले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी पाया पडले. उरलेल्या पत्रिका सुधारून देते म्हणाले. त्यांनी गठ्ठे टाकले आणि गेले.

मी दाढीचं ब्लेड घेऊन एकेका पत्रिकेवरचा ‘कै.’ खरवडायला बसले. चकचकीत कागद, खरवडला की पांढरा डाग पडायचा. ‘कै.’ गेला तरी त्या डागामुळं नाव मेलेल्याचंच दिसायचं. हे सरकत सरकत आले आणि डाव्या हातानं एकेक पत्रिका माझ्यापुढं धरायला लागले. मी म्हणाले, “तुम्हाला दाखवून दिली असती तर...” त्यांनी पुढची पत्रिका उचलली.

त्या घराचं काम पुन्हा आलं नाही, त्या गावाचंही नाही. महिन्याभरानं एक दूधवाली बाई डेअरीच्या उद्घाटनाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आली. मी म्हणाले, “दुसरीकडं करा. माझ्याकडनं चुका होतात.”

ती म्हणाली, “व्हय? मग दोनदा वाचा की.”

तिचा कागद माझ्या हातात राहिला. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला होता. मी तो लावला. पडदा उजळेपर्यंत तिचा कागद दोनदा वाचून काढला. पुढं कितीतरी वर्षं रोज सकाळी मी तसंच करायची.