व्हिसाआधीचा सत्कार

जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेचं नेमणूकपत्र आलं, तेव्हा मी कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात केमिस्ट होतो आणि दौंडला खोली घेऊन राहत होतो. बातमी मी एकाच माणसाला सांगितली. कवठे येमाईला, आबांना.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं. शिरूरच्या कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे राहिले होते, कारण मला काय विचारतील आणि मी काय सांगेन याची त्यांना धास्ती वाटत होती. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्याचं अर्धं श्रेय त्या रांगेला आहे.

"आबा, अजून व्हिसा व्हायचाय," मी फोनवर म्हणालो. "कुणाला सांगू नका."

"नोकरी लागली का न्हाई?"

"लागली. पण व्हिसा..."

"मग झालं की. यष्टीत बसल्यावर कंडक्टर तिकीट देतोच."

मी हसलो. तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं.

मुंबईला जर्मन वकिलातीत जाऊन मी व्हिसाची मुलाखत देऊन आलो. सगळी कागदपत्रं घेतली गेली, फक्त सध्याच्या कारखान्याचं अनुभवपत्र कमी होतं. ते पाठवायला त्यांनी मुदत दिली. आमच्या कारखान्यात पुढची नोकरी पक्की झाल्याशिवाय कुणी जातो म्हणून सांगत नाही. पत्र हवं असलं की एचआरला होम लोनचं कारण सांगायचं, असा रिवाजच आहे. मीही तेच सांगितलं. पत्र टाइप झालं होतं, सोमवारी सही होणार होती.

आदल्या रविवारी आबांनी घरी बोलावलं. गावच्या फाट्यावर उतरलो आणि समोर माझाच फ्लेक्स. अंगात फोटो स्टुडिओतला कोट, डोक्यावर विमान, मागे आयफेल टॉवर. जर्मनीतली इमारत फ्लेक्सवाल्याला सापडली नसावी. 'परदेशात नियुक्तीबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. त्यात आबांचा फोटो सगळ्यात शेवटी होता.

देवळाच्या सभामंडपात माणसं जमली होती. मी आबांना बाजूला घेऊन म्हणालो, "आबा, हे आत्ता नको."

"गप. नारळ आणलाय."

त्यांनी स्वतःच्या हातांनी मला फेटा बांधला. मीही मान वाकवली.

"मडम आणू नगंस बरं का," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणू दे की, पर भाकरी थापणारी आण!"

सगळा मंडप हसला. आबा सगळ्यात मोठ्याने.

फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला लागले. आमच्या गावचा एक ऑपरेटर माझ्याच कारखान्यात आहे. त्यानेही लावला, कौतुकानेच. सोमवारी एचआरच्या साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावरच्या मोबाइलमध्ये मी फेटा घालून उभा होतो.

"होम लोन ना?" ते म्हणाले. "घर जर्मनीत घेताय वाटतं."

मी माफी मागितली, खरं काय ते सांगितलं.

"राजीनामा द्या, नोटीस पिरियड पूर्ण करा, मग पत्र."

व्हिसा हातात नसताना राजीनामा द्यायची माझी हिंमत नव्हती. आणि नोटीस पिरियड संपेपर्यंत मुदत थांबणार नव्हती. पत्राशिवायच कागद पुढे गेले. पासपोर्ट परत आला, तो कोरा. सोबतच्या पत्रात होतं, अनुभवाचा पुरावा अपुरा. लॅबमधलं माझं मशीन एव्हाना दुसऱ्याला शिकवलं जात होतं, आणि मला कच्च्या मालाचे नमुने घ्यायला गोदामात पाठवलं होतं.

गावी जाऊन आबांना व्हिसा नाकारल्याचं सांगितलं.

"का न्हाई दिला?"

"कारखान्याचं पत्र मिळालं नाही."

"का न्हाई मिळालं?"

मी मोबाइलमधला फेट्यातला फोटो त्यांच्यापुढे धरला आणि तो साहेबांनी पाहिल्याचं सांगितलं. ते उठले, शिडी घेतली आणि भरदुपारी फाट्यावर गेले. मी मागोमाग. पानटपरीवरून कुणीतरी ओरडलं, "आबा, पोरगं उडालं का?"

"न्हाई. घाई माझी झाली," आबा शिडीवरूनच म्हणाले.

फ्लेक्स त्यांनी, सगळे टाकतात तसा, कडबा झाकायला टाकला नाही. गुंडाळून माळ्यावर ठेवला.

जर्मनीची जागा अजून भरलेली नव्हती. पुन्हा अर्ज करता येणार होता, पण पत्र लागणारच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दौंडला निघालो, तर आबा धुतलेलं धोतर नेसून, पिशवी घेऊन तयार.

"तुझ्या सायबाला भेटतो."

पिशवीत नवी शाल होती आणि नारळ.

"आबा, असं नसतं तिकडं."

"मानपान कुणाला नको असतोय?"

मी त्यांना अडवू शकलो नाही, याही वेळी. कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने आत फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते. माझी ड्यूटी सुरू होत होती. आत जाताना मागे पाहिलं, तर आबा बाकावर ताठ बसले होते, पिशवी मांडीवर, कॉलेजच्या रांगेत उभे होते तसेच. साहेब कधी बाहेर येतील, हे मला ठाऊक नव्हतं. आणि आले तर शाल-नारळ घेऊन आलेल्या आबांशी कसे बोलतील, याची मला व्हिसापेक्षा जास्त भीती वाटत होती.