आग्नेय कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर

भंडाऱ्यात विजेची कंत्राटं घेणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपणहून दुकानात येऊन बसतात. हसू येतं, पण आधी डोकं तापतं! बंद इमारतीत तेलाचा ट्रान्सफॉर्मर ठेवू नका, बिनतेलाचा ड्राय टाइप घ्या, एवढंच माझं म्हणणं. तेल पेटलं तर आतल्या माणसांनी पळायचं कुठं? या एका वाक्यासाठी मी वर्षभर गणपतभाऊंशी भांडलो. कारध्याजवळ त्यांचा लग्नाचा एसी हॉल उभा राहत होता आणि ट्रान्सफॉर्मर बसणार होता जेवणघराच्या बरोब्बर खाली.

* * *

पहिल्यांदा ‘ड्राय टाइप’ म्हणालो, तर भाऊ खुर्चीतून उठलेच.

“बिनातेलाचा? गाडीत ऑइल नसन तं इंजन जाम होते! मले येडा समजता का जी?”

मी समजावलं, की यात फिरणारं काही नसतं, तेल असतं ते थंडाव्यासाठी आणि इन्सुलेशनसाठी. ड्राय टाइपमध्ये ते काम हवा आणि रेझिनचं आवरण करतात. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग थोडंसं तरी टाका ना!”

* * *

“बरं, तेलाचाच हवा ना? मग बाहेर आवारात बसवू, कुंपण घालून.”

“बाहेर? आमच्या सासुरवाडीले, आंधळगावले, चोरट्यायनं ट्रान्सफॉर्मरमधलं तेल काढून नेलं. बाहेर कायले ठेवू?”

“आणि आत आग लागली तर?”

“आगीचं मंग पाहू. चोरी तं रोजची हाये!”

तेल कुलुपात आणि वऱ्हाडी देवाच्या भरवशावर!

* * *

मग वास्तुवाले गुरुजी आले. अग्नीची जागा आग्नेयेला, म्हणून ट्रान्सफॉर्मर आग्नेयेला. स्वयंपाकाचे गॅस सिलिंडरही अग्नीचेच, म्हणून तेही तिथंच! मध्ये प्लायवूडचं पार्टिशन.

“आता दोष राहिला नाही,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, हॉलही राहणार नाही!”

अशुभ बोललो म्हणून दोघंही माझ्यावरच रागावले.

* * *

शेवटी भाऊंना मोहाडीच्या एका गोदामात ड्राय टाइप दाखवायला नेलं. दार उघडलं, तर चौकीदारानं ट्रान्सफॉर्मरच्या जाळीवर ओले टॉवेल वाळत घातलेले! आत चालू कॉइल. मी ओरडलो, “अहो, जीव जाईल!”

“काही नाही होत साहेब. पावसाळाभर वाळवून राहिलो. खोली मस्त गरम राहते.”

भाऊ खूश झाले. “पाहा, हा कपड्यायसाठी ठीक हाये. हॉलले आपला तेलाचाच!”

* * *

तेलाचाच आत बसला, पण त्याच्या सुरक्षेच्या दाखल्यावर मी सही दिली नाही. दुसऱ्या एकानं दिली, कशी ते त्यालाच माहीत. आता दर मुहूर्ताला तिथं पंगती बसतात आणि इकडे मी अग्निशमन दलाचा नंबर हाताशी ठेवतो.

परवा भाऊ स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला घरी आले.

“शाळेजवळच्या मैदानात मांडव टाकून राहिलो जी. सहकुटुंब या.”

“मैदानात? भाऊ, स्वतःचा एवढा एसी हॉल असताना?”

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तुमीच तं सांगितलं होतं ना साहेब! घरची माणसं हायेत, बाप्पा. रिस्क कायले घ्याची?”